पाचवा श्वास

चेलो शिकवणाऱ्या बाईंचं नाक तसं चारचौघींसारखंच. पण संगीतशाळेच्या वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, त्या नाकाचा असा वचक होता की विचारू नका. बाईंनी फुस्स करून श्वास आत ओढला रे ओढला, की चार गज एकदम तारांवर उतरायचे. आणि याच नाकापायी बाईंचा उभ्या आयुष्याचा वर्ग बंद पडायची वेळ आली. आता हसू नका, ऐका.

बाई शिकवायच्या चेंबर म्युझिक. म्हणजे एका खोलीत मावेल एवढं संगीत. दोन व्हायोलिन, त्यांचा थोराड भाऊ शोभेल असा एक व्हायोला, आणि जमिनीत पाय रोवून दोन गुडघ्यांत धरायचा चेलो. चार वाद्यं, चार माणसं, बस्स. समोर काठी हलवणारा कुणी नाही. "आमच्यात कंडक्टर नसतो," बाई नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावायच्या, "ज्यानं त्यानं आपलं तिकीट आपणच फाडायचं." मग चौघांनी एकदम सुरू कसं करायचं? तर श्वासानं. एकजण श्वास घेतो, बाकीचे तिघं त्याच्याबरोबर घेतात, आणि सोडता सोडता सगळे तारेवर. श्वास लांब ओढला तर लय संथ, झटक्यात घेतला तर लय जलद. न बोलता सगळं ठरतं. "चौघांत पाचवा नको," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. वर्गाच्या भिंतींना पाठ झालं असेल.

बाईंनी स्वतः तरुणपणी तीन पुरुषांबरोबर अशीच चौकडी जमवून वीसेक वर्षं गावोगाव वाजवलं होतं. चेलोसाठी गाडीत वेगळी जागा घ्यावी लागे, तेव्हा शेजारचे लोक त्या भल्यामोठ्या पेटीकडे बघून विचारायचे, हे तुमच्या घरातले का? बाई म्हणायच्या, घरातल्यांपेक्षा जास्त. पुढे पहिल्या व्हायोलिनवाल्याचे कान गेले आणि चौकडी मोडली. बाईंनी चार दिवस उशीत तोंड खुपसून रडून घेतलं, पाचव्या दिवशी उठून शाळेत अर्ज केला आणि शिकवायला लागल्या. आणि शिकवायच्या म्हणजे काय, जीव ओतून.

त्यामागे एक जुना राग होता. बाई शिकत होत्या तेव्हा त्यांचे गुरू, सगळे त्यांना मोठे सर म्हणायचे, वर्गात कधी बसायचेच नाहीत. चौघांना खोलीत घालायचे, दार ओढून घ्यायचे आणि बाहेर बोळात तीन पायांच्या स्टुलावर वर्तमानपत्र उघडून बसायचे. आत मुलांची जुंपली, कुणी रडकुंडीला येऊन बाहेर आलं, की पान उलटून म्हणायचे, "आत जा." संपली शिकवणी! बाईंनी तेव्हाच मनाशी गाठ मारली होती की उद्या आपण शिकवायला लागलो तर अशी कामचोरी करायची नाही. मुलांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. आणि बसल्या त्या. इतकी वर्षं, दर तासाला, चौघांच्या अगदी समोर, हातभर अंतरावर.

यंदा मात्र संचालकांनी बोलावणं पाठवलं. संचालक म्हणजे तरी कोण? बाईंचाच जुना विद्यार्थी. त्यांच्या हाताखाली तीन वर्षं व्हायोला वाजवलेला, मग वाद्य सोडून शाळेच्या कचेरीत चिकटलेला आणि चढत चढत त्या खुर्चीपर्यंत पोचलेला. बाई त्याला अजून 'अरे' म्हणायच्या आणि तोही ते ऐकून घ्यायचा.

"बसा बाई. चहा सांगू?"

"चहा नको. तू चहा विचारतोस तेव्हा पुढे काहीतरी कडू असतं. बोल."

त्यानं टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. "पुढच्या वर्षापासून चेंबरचा वर्ग बंद करावा म्हणतोय. मुलांना मोठ्या वाद्यवृंदात घालू. तिथल्या चेलोवाल्यांना तुम्ही शिकवा."

"का रे बाबा? आम्ही काय घोडं मारलं?"

"वाद्यवृंदात एक माणूस पुढे उभा असतो, सगळे त्याच्याकडे बघून वाजवतात. तुमच्या वर्गातही तेच चालतं. मग चौघांसाठी एक अख्खी खोली कशाला अडवायची?"

"माझ्या वर्गात पुढे कुणी उभं नसतं!"

"उभं नसतं, बसलेलं असतं. मुलं एकमेकांचं ऐकत नाहीत बाई. तुमच्याकडे बघतात."

बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काल परवापर्यंत ज्याच्या व्हायोलाच्या खुंट्या आपण पिळून दिल्या, तो आज आपल्याला शिकवतोय! "उचलली जीभ आणि लावली टाळ्याला," त्या म्हणाल्या. "वर्षअखेरीच्या कार्यक्रमात माझी चौकडी वाजवणार आहे. ये ऐकायला."

"येणारच आहे," तो शांतपणे म्हणाला. "खरोखर ती चौघंच वाजवत असतील, तर माझे शब्द मी मागे घेईन. वर्ग राहील. नाहीतर मात्र बंद."

बाई ताडताड जिना चढून वर आल्या. खोलीत यंदाची चौकडी सूर जुळवत होती. बाईंनी चौघांना नावं ठेवली होती आणि ती त्यांना चिकटली होती. पहिला व्हायोलिनवाला म्हणजे राजे, कारण केस मागे सारल्याशिवाय स्वारी गज उचलत नसे. दुसऱ्या व्हायोलिनवरची मुलगी म्हणजे वकीलबाई. तिला प्रत्येक गोष्टीत मुद्दा मांडायचा असायचा. व्हायोलावर डोंगर, अंगानं दांडगा आणि स्वभावानं गाय. आणि चेलोवर मांजर. ही कधी आली, कधी बसली, कळायचंच नाही. वर्षभरात तिनं वर्गात दहा वाक्यं तरी उच्चारली असतील की नाही, शंकाच होती. हात मात्र असा, की बाईंना कधी कधी हेवा वाटे.

"संथ भाग घ्या," बाई खुर्चीवर आदळत म्हणाल्या. कार्यक्रमात वाजवायच्या रचनेतल्या या भागाची सुरुवातच अवघड. चौघांनी एकाच क्षणी, अगदी हलक्या आवाजात आत शिरायचं. एकाचा गज केसभर पुढेमागे झाला तरी सगळं उघडं पडतं.

चौघांनी गज उचलले. गज तारेवरून घसरू नये म्हणून राजांनी नुकतीच त्याला भरपूर राळ फासली होती, तिची पांढरी पूड उन्हात तरंगत होती. ती बाईंच्या नाकात गेली. बाईंना सुरसुरी आली. त्यांनी डोळे मिटले, तोंड वर केलं आणि शिंकेच्या आधी माणूस ओढतो तसा लांबच लांब श्वास आत ओढला.

चौकडी सुरू झाली! अगदी एकसाथ, मऊ, बिनचूक. दुसऱ्या मात्रेवर बाईंची शिंक पडली. तरी गाढवं वाजवतच राहिली. चार ओळी झाल्यावर वकीलबाईला हसू फुटलं, मग डोंगर गदगदायला लागला, मग सगळेच. बाईही पोट धरून हसल्या. आणि हसता हसता मध्येच गप्प झाल्या.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

या वेळी त्यांनी मुद्दाम झटक्यात श्वास घेतला. चौघं जलद सुटले. "थांबा. पुन्हा." त्यांनी लांब ओढला. चौघं संथ. "पुन्हा." या वेळी त्यांनी श्वास घेतलाच नाही. गज हवेतच राहिले. खोलीत चिडीचूप. राजांनी केस मागे सारले, डोंगरानं मान हलवली, पण सुरू म्हणून कुणी करेना.

"बाई, सुरू करायचं ना?" शेवटी राजांनी विचारलं.

"मग कर की! मी काय हात धरलाय तुझा?"

"नाही, म्हणजे... तुम्ही..." चौघं बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंडाकडे कुठले, नाकाकडेच.

त्या दिवशी जेवताना बाईंनी हे घरी सांगितलं. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. सगळी हकीकत ऐकून घेऊन त्यांनी चष्मा पुसला. "तुझ्या नाकाचा तो फुस्स मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतो. पोरांना समोर बसून नाही ऐकू येणार?"

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"अगं, माझे पेशंट तोंड उघडं ठेवून गप्प बसतात. तुला तोंड मिटूनही गप्प बसता येत नाही. सांगणार कधी?"

एरवी बाईंनी यावर दोन शब्द सुनावले असते. आज त्यांनी नुसतं ताट बाजूला सारलं. चौघांत पाचवा नको, असं आपण भिंतींना पाठ होईपर्यंत म्हणालो आणि पाचवे आपणच निघालो! इतकी मुलं हाताखालून गेली, त्यांना वाजवायला शिकवलं, की आपल्या नाकाला बांधून ठेवलं? हा विचार त्यांना सोडेना.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून संचालकांच्या खोलीत गेल्या. चहाचं विचारायलाही त्याला वेळ दिला नाही.

"तुला कसं कळलं?"

तो उठून खिडकीपाशी गेला. "मला नाही कळणार तर कुणाला कळणार बाई? इथून बाहेर पडल्यावर मला तीन फार चांगले वाजवणारे भेटले. त्यांना व्हायोला हवा होता. पहिल्या दिवशी बसलो, गज उचलले. ते तिघं एकमेकांचं ऐकत होते. मी आपला कशाची तरी वाट बघत होतो. दर वेळी मागे पडायचो. कशाची वाट बघतोय, ते मलाच कळेना. घरी जाताना रस्त्यात कळलं." तो कसंनुसं हसला. "त्यांनी महिनाभर सांभाळून घेतलं. मग दुसरा माणूस बघितला. मी व्हायोला कपाटावर टाकला तो टाकलाच."

बाई पुढे होऊन खिडकीपाशी गेल्या. "मला तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तुम्हाला? तेव्हा तुम्हाला कोण सांगणार होतं!"

हे मात्र खरं होतं. बाई मान खाली घालून बाहेर आल्या. आता नुसता वर्गाचा प्रश्न उरला नव्हता. आपल्या खोलीत बसलेल्या चार मुलांपैकी उद्या कुणाचं वाद्य कपाटावर जाणार, हा प्रश्न होता.

मग सुरू झाले एकेक उपाय. बाई पियानोच्या आड बसल्या. तर चौघं माना लांब करून पियानोवरून डोकावायला लागले. बाईंनी नाकातोंडाला मफलर गुंडाळला. चौघं बिनचूक सुरू झाले. "आता कशावरून कळलं रे?" बाईंनी मफलरातून विचारलं. राजे म्हणाले, "भुवया दिसतात ना बाई तुमच्या!" बाईंनी पाठ फिरवली, तर खांदे दिसले. श्वास रोखून धरला, तर मुलं सुरू होईनात आणि बाई लालबुंद झाल्या, शेवटी त्यांनी हुश्श केलं आणि त्या हुश्शवर चौघं सुरू झाले. डोक्याला हात लावायची वेळ आली.

त्या दुपारी खोली झाडायला आलेल्या मावशींनी कोपऱ्यातलं एक जुनं स्टूल बाहेर बोळात नेऊन ठेवलं. बाई जाता जाता त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तीन पायांचं नव्हतं ते, चार पायांचं होतं. पण बोळात ठेवलेलं स्टूल ते बोळात ठेवलेलं स्टूल. "अहो सर," त्या पुटपुटल्या, "मला वाटलं, तुम्ही पेपर वाचता."

दुसऱ्या दिवसापासून बाई बोळात. चौघांना आत घातलं, दार ओढून घेतलं आणि स्टुलावर बसल्या. वर्तमानपत्रही आणलं होतं, पण त्यातलं एक अक्षर वाचलं असेल तर शपथ. कान सगळे दारात.

आत आधी बराच वेळ काहीच नाही. मग चौघं सुरू झाले ते चार वेगवेगळ्या वेळी. मग भांडण. राजे म्हणत होते, पहिला व्हायोलिन मी, श्वास मीच घेणार. वकीलबाई म्हणाली, तू श्वास घेतोस की केस उडवतोस? डोंगर म्हणाला, भांडू नका. मग तोच सगळ्यात मोठ्यानं भांडला. बाईंना स्टुलावर बसवेना. काय चुकतंय, ते दाराबाहेरूनही लखलखीत ऐकू येत होतं. एका वाक्यात सांगून टाकलं असतं! त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

दार उघडून वकीलबाई तणतणत बाहेर आली. "बाई, हे लोक ऐकत नाहीत. तुम्ही सांगा ना, कुणी सुरू करायचं?"

बाईंनी पान उलटलं. "आत जा."

"पण बाई..."

"आत जा म्हटलं ना!"

असे बरेच दिवस गेले. कधी चौघं जमायचे, कधी चौघांच्या चार वाटा. घरी डॉक्टर विचारायचे, "आज किती वेळ गप्प बसलीस?" आणि बाईंनी सांगितलं की मान डोलवायचे, "दाढ काढण्यापेक्षा अवघड आहे बरं हे." बाई चिडायच्या, मग हसायच्या. पण झोप उडाली होती त्यांची.

एका दुपारी आतलं भांडण अगदी हातघाईवर आलं. विषय लयीचा. वकीलबाईचं म्हणणं, हा भाग इतका संथ कशाला, जीव जातो. राजे म्हणाले, बाईंनी संथच सांगितलाय. आणि सांगितला होताच! बाईंच्या जुन्या चौकडीत तो भाग तसाच वाजायचा, एकेक स्वर पुरता पिकू देत. त्यात बदल म्हणजे बाईंच्या काळजाला हात. इतक्यात आतून एक आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. बाईंना आधी ओळखूच आला नाही.

"मी घेते श्वास. माझ्याकडे बघू नका. नुसतं ऐका."

मांजर बोललं होतं! मग खालचा स्वर आला, त्याच्यावर व्हायोला, वर दोन व्हायोलिन, एकाच क्षणी. बारा ओळी नीट गेल्या आणि पुढे पुन्हा सगळं कोसळलं. पण त्या बारा ओळी बाईंनी घरी जाताना रस्ताभर गुणगुणल्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मात्र घात झाला. सभागृहात रंगीत तालीम होती, बाई बाहेरच्या बोळात. आत मोठा मंच, रिकाम्या खुर्च्या, मुलं बावरली. तीनदा सुरू केलं, तीनदा फसलं. बाहेर येताना डोंगराच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, उद्याच्या दिवस तरी समोर बसा ना," राजे म्हणाले. केसांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "नुसत्या बसा. पहिल्या रांगेत. पुढच्या वर्षीपासून आम्ही करू आमचं आमचं."

बाईंनी चौघांना घरी पाठवलं. पण मनात चलबिचल सुरू झाली. पुढचं वर्ष येण्यासाठी उद्या नीट व्हायला हवं. एक श्वास, एकच. कुणाला कळणार होतं?

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलेलं. मुलांचे आईबाप, काका, आत्या, आज्या, खोकणारे, खोकणाऱ्यांना गप्प करणारे. पहिल्या रांगेत मधोमध बाईंची खुर्ची, तिच्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी. शेजारी डॉक्टर. दोन खुर्च्या सोडून संचालक. बाई खुर्चीत बसल्या. खरं सांगायचं तर बसायचं नाही असं ठरवून आल्या होत्या, पण पाय आपोआप तिकडेच वळले.

चौकडी मंचावर आली. नमस्कार, टाळ्या, खुर्च्यांची सरकासरक. चेलोचा पाय मांजरानं फळीच्या फटीत नीट रोवला. दोन भाग वाजवायचे होते, आधी संथ, मग जलद. चौघांनी गज उचलले. आणि आठ डोळे बाईंच्या नाकावर येऊन थांबले.

बाईंनी मांजराकडे बघितलं. तिचेही डोळे तिथेच. कालपर्यंत बोळात ऐकलेला तो बारीक आवाज कुठल्या कुठे गेला होता. बाईंच्या छातीत श्वास भरत आला, सवयीनं, लांब, संथ, हवा तस्सा. आणि तो पुरता भरायच्या आत बाई उठल्या.

भर सभागृहात, मंचावर गज उचललेले असताना, बाई पहिल्या रांगेतून उठून चालू लागल्या. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी कुजबुजलं, बरं नाही का बाईंना? डॉक्टर अर्धवट उठले आणि बायकोचा चेहरा बघून परत बसले. बाईंनी मधली वाट तुडवली, दार उघडलं, बाहेर गेल्या आणि दार आपल्या मागे ओढून घेतलं.

बोळात कुणी नव्हतं. स्टूलही नव्हतं. बाई दाराला कान लावून उभ्या राहिल्या. आत शांतता. कुणी खोकलं. पुन्हा शांतता. हे काय केलं आपण? पोरांना भर पाण्यात सोडून काठावरून निघून आलो. आता रडतील, उठून जातील, आणि उद्या वर्ग बंद. जीव नुसता टांगणीला लागला.

मग आतून स्वर आला.

चेलोचा खालचा स्वर इतरांहून केसभर आधी. चेलो वाजवलेल्या माणसालाच कळावा इतकाच आधी. त्याचा हात धरून बाकीचे तिघं आत शिरले. बाईंनी डोळे मिटले. सुरू झालं! मांजरानं सुरू केलं!

आणि लगेच त्यांचे डोळे खाडकन उघडले. लय! लय त्यांची नव्हती. बाईंनी शिकवलेल्यापेक्षा कितीतरी चालती, जवळजवळ एखादं माणूस रमतगमत फिरायला निघावं तशी. "अरे गाढवांनो, हळू!" बाई दारातच पुटपुटल्या. "जीव घेताय का त्याचा?" आणि त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. दार जरासं उघडलं, आत एक पाऊल टाकलं, भुवया वर केल्या, की चौघं सावरतील. संथ होतील. बाईंसारखं वाजवतील.

हात कडीवर तसाच राहिला. आतला व्हायोला मधेच जरा रेंगाळला, आणि बाईंना वाटलं, गेलं, आता फाटतं. पण दोन्ही व्हायोलिननी त्याला वाट दिली. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही. डोंगराला तिथे रेंगाळावंसं वाटलं, त्यांनी ते ऐकलं, आणि तिघंही त्याच्यासाठी थांबले. मग चेलोनं पुन्हा चालायला सुरुवात केली आणि सगळे त्याच्याबरोबर निघाले. बाईंच्या वीस वर्षांच्या चौकडीत तो भाग असा कधीच वाजला नव्हता. वाईट वाटलं का? वाटलं ना. फार वाटलं. आणि त्याच वेळी आनंदानं छाती फुटते की काय असंही वाटलं. बाईंनी कडीवरचा हात काढला आणि पदरानं डोळे पुसले.

संथ भाग संपला. आत कुणाची तरी तार उतरली असावी, जलद भागाआधी सूर पुन्हा जुळवणं चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाजूचं दार हळूच उघडून संचालक बोळात आला आणि बाईंच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

"ही लय कुणी सांगितली त्यांना?" त्यानं विचारलं.

"मी नाही बाबा. माझं चाललं असतं तर बडवून काढलं असतं एकेकाला."

"मग वर्ग राहू दे," तो म्हणाला. आवाज जरा चिरका लागला त्याचा. "खोली तुमचीच."

बाईंनी मान हलवली. आभार मानावेत असं त्यांना वाटेना, कारण आपल्यापायी त्याचं जे वाजवणं सुटलं होतं, ते अजून त्याला परत केलेलं नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते त्याचे. डाव्या हाताची बोटं भिंतीवर हलत होती, व्हायोलाची जागा शोधत असावीत, त्याला स्वतःलाही पत्ता नसावा.

"व्हायोला आहे का रे अजून, कपाटावर?"

"आहे. तारा गेल्या असतील."

"नव्या घाल. शनिवारी शाळा सुटल्यावर वर ये. दोन व्हायोलिनवाले मी बघते. आमच्या जुन्या चौकडीतला दुसरा व्हायोलिनवाला अजून बरा वाजवतो, आणि इथलीच व्हायोलिनची एक शिक्षिका आहे. चेलोला मांजर बसेल."

"आणि तुम्ही?"

"मी बोळात. स्टूल आहे माझं."

तो हसायला गेला आणि हसू मध्येच अडकलं. हातरुमाल शोधायला लागला, सापडेना. बाईंनी दुसरीकडे बघितलं.

"पण बाई," तो म्हणाला, आणि अगदी वर्गातल्या त्या तरुण पोरासारखा म्हणाला, "सुरू कोण करणार?"

बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "ते मला विचारायचं नाही. आत जा."

दारापलीकडे चौघं एकदम जलद भागात शिरले.